कर्नाक नावाचा रस्ता

मुंबईच्या फोर्टातून निघालेला दादाभाई नौरोजी रस्ता उत्तरेला क्रॉफर्ड मार्केटपाशी संपतो. तिथे त्याला लोकमान्य टिळक मार्ग आडवा जातो. या मार्गाचे एक टोक रेल्वेच्या रुळांवरून कर्नाक बंदराकडे उतरते, दुसरे धोबी तलावाला पोचते. कोपऱ्यावरच्या मंडईचे कागदोपत्री नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. जवळच पोलीस आयुक्तालय, मागे लोहार चाळ, मंगलदास मार्केट, झवेरी बाजार. हातगाड्या, गठ्ठे आणि घाईत असलेली माणसे यांच्यातून वाट काढताना पाट्या वाचायला कोणाला सवड नसते.

शंभर वर्षांपूर्वी या कोपऱ्यावरची तिन्ही नावे इंग्रजांची होती. दादाभाई नौरोजी रस्ता तेव्हा हॉर्नबी रोड होता आणि टिळक मार्ग कर्नाक रोड. मंडई तर लोकांच्या तोंडी अजूनही क्रॉफर्ड मार्केटच आहे. ‘ब्रिटिशकालीन नाव बदलून’ एवढ्या एका ओळीत अशा नामांतरांचा इतिहास गुंडाळायची आपल्याला सवय झाली आहे. सगळे गव्हर्नर सारखे, सगळे साहेब सारखे, गेले ते बरे झाले, असा त्यामागचा भाव असतो. या कोपऱ्यापुरता तरी तो पुरेसा नाही. इथून गेलेल्या नावांचा मराठी मुलखाशी अगदी नेमका संबंध होता, आणि त्यांच्या जागी आलेल्यांपैकी एकाने त्यांतल्या एकाच्या प्रकरणावरून सरकारशी झुंज घेतली होती. सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती कर्नाकची.

हे आडनाव मराठ्यांच्या इतिहासात पहिल्यांदा ठळकपणे येते ते वडगाव मावळात. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि त्यांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबई सरकारने १७७८ च्या अखेरीस बोरघाटाने फौज वर चढवली. मुंबईचा गव्हर्नर होता विल्यम हॉर्नबी. मोहीम चालवणाऱ्या समितीत कर्नल एजर्टनबरोबर कौन्सिलचा सदस्य जॉन कर्नाक होता. मराठ्यांनी समोरासमोर लढाई टाळली, गावे ओस पाडली, चारा जाळला, घाटावर आलेल्या फौजेचे हाल केले. ज्याच्या शौर्याची मराठ्यांनीही वाखाणणी केली आणि ज्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले, तो कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्यापाशी पडला. पुणे जेमतेम एका मजलेवर राहिले असताना कर्नाक आणि एजर्टन यांनी माघारीचा निर्णय घेतला. महादजी शिंद्यांच्या सैन्याने त्यांना वडगावला गाठले आणि जानेवारी १७७९ मध्ये नामुष्कीचा करार करून इंग्रजांना सुटका करून घ्यावी लागली. साष्टीसह घेतलेला मुलूख परत करायचे त्यांनी कबूल केले. हॉर्नबीने हा करार मानला नाही. कंपनीने कर्नाकला नोकरीतून काढून टाकले.

पुढे मुंबईच्या नकाशावर हॉर्नबी रोड आणि कर्नाक रोड एकाच कोपऱ्यावर येऊन मिळाले. वडगावच्या तहाने ज्या दोन नावांमध्ये वितुष्ट आले, ती नावे शहराने शेजारी आणून बसवली. मात्र रस्त्यावरचा कर्नाक हा वडगावचा कर्नाक नाही.

जॉन कर्नाकला मूल नव्हते. त्याची बायको एलिझाबेथ ही मूळची रिव्हेट घराण्यातली. सर जोशुआ रेनॉल्ड्सने काढलेले तिचे पूर्णाकृती चित्र लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आजही लोक पाहायला जातात. जॉन कर्नाक १८०० मध्ये मंगळूरला वारला. त्यानंतर एलिझाबेथचा भाऊ जेम्स रिव्हेट, जो स्वतः मुंबईच्या कौन्सिलवर होता, त्याने वारशाबरोबर कर्नाक हे आडनावही आपल्या नावापुढे जोडले. या रिव्हेटचा मुलगा सर जेम्स रिव्हेट कर्नाक. तो १७८४ मध्ये मुंबईतच जन्मला. तरुणपणी कंपनीच्या पलटणीत शिरला, बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट झाला, मग विलायतेला जाऊन कंपनीचा संचालक आणि पुढे अध्यक्षही झाला. १८३९ च्या मे महिन्यात तो गव्हर्नर म्हणून मुंबईला परतला. एप्रिल १८४१ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्याने पद सोडले. दोन वर्षेसुद्धा पुरी न झालेली ही कारकीर्द. तिच्यातली एकच गोष्ट महाराष्ट्राने लक्षात ठेवायला हवी होती, आणि नेमकी तीच विसरली गेली: याच माणसाने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना गादीवरून उतरवले.

प्रतापसिंह हे थोरल्या शाहूंच्या गादीचे वारस. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनीच त्यांना साताऱ्यात बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ ला त्यांच्याशी तह केला. पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट, म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. त्याने १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हाती सोपवला. पुढली वर्षे या राजाने ज्या तऱ्हेने वापरली ती पाहिली म्हणजे पदच्युतीचे दुःख अधिक कळते. त्यांनी सातारा शहर नव्याने मांडले, रस्ते केले, महादऱ्याहून पाणी आणले, शाळा काढली, रोज पहाटेपासून दप्तर पाहिले. महाबळेश्वरचे ठाणे वसवायला इंग्रजांना जागा दिली. दसऱ्याची मिरवणूक पाहण्यासाठी त्यांनी डोंगराच्या कुशीत बांधलेली ‘चार भिंती’ ही जागा सातारकरांच्या फिरण्यातली आहे.

भांडण सुरू झाले ते जहागिरींवरून. औंध, फलटण, भोर, अक्कलकोट अशा जहागिरदारांवर छत्रपतींचा अधिकार किती, यावर तहातल्या कलमांचा मुंबई सरकार एक अर्थ लावी आणि प्रतापसिंह दुसरा. प्रतापसिंहांनी थेट लंडनला दाद मागायचे ठरवले, हे मुंबईच्या साहेबांना झोंबले. १८३६ मध्ये त्यांच्यावर आरोप आला की कंपनीच्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना त्यांनी फितवले. मग गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप जोडले गेले. तेव्हा गव्हर्नर होता सर रॉबर्ट ग्रँट. त्याने नेमलेल्या तिघांच्या समितीने साताऱ्यात बंद दाराआड चौकशी केली. समितीत विलोबी, ओव्हान्स आणि रेसिडेंट लॉडविक होते. मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकाच्या पाटीवर या ग्रँटचे नाव आहे, आणि महाबळेश्वरला फिरायला जाणारी मंडळी ज्या लॉडविक पॉइंटवर उभी राहतात तो याच लॉडविकचा. साताऱ्याच्या राजाला आरोपीच्या पिंजऱ्यात बसवणारे लोक महाराष्ट्राच्या नकाशावर अशा रीतीने मुक्कामाला आहेत.

ग्रँट १८३८ मध्ये वारला आणि प्रकरण कर्नाकच्या हाती आले. ऑगस्ट १८३९ मध्ये तो स्वतः साताऱ्याला गेला. त्याने प्रतापसिंहांपुढे ठेवलेला प्रस्ताव वरवर सौम्य होता: १८१९ चा तह मोडल्याची लेखी कबुली द्या, रेसिडेंटच्या सल्ल्याने वागा, मागचे सारे माफ करू. सही केली असती तर गादी राहिली असती. प्रतापसिंहांनी नकार दिला. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन राज्य राखायचे नाही, हा त्यांचा निर्णय होता, आणि त्यामागे किती मोठी किंमत आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तोवर रेसिडेंट झालेल्या ओव्हान्सने रातोरात फौजेचा वेढा घालून त्यांना वाड्याबाहेर काढले. धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले गेले. प्रतापसिंहांना उघडी सुनावणी कधीच मिळाली नाही. आरोपांचे कागद समोर ठेवा आणि माझे ऐकून घ्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांना काशीला नेण्यात आले. त्या लांबच्या प्रवासात त्यांचे सेनापती बाळासाहेब वाटेतच वारले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच कैदेत निवर्तले. पुढच्याच वर्षी शहाजी गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले.

या अन्यायाची तड लावायला एक माणूस लंडनला जाऊन राहिला. रंगो बापूजी गुप्ते. शिवाजी महाराजांच्या पहिल्या साथीदारांपैकी रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरसप्रभूंचे हे वंशज. परक्या देशात, परक्या भाषेत, त्यांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून आणि पार्लमेंटच्या सदस्यांच्या दारी सुमारे चौदा वर्षे साताऱ्याची कैफियत मांडली. जोसेफ ह्यूमसारखा पार्लमेंटचा सदस्य, साताऱ्याचा पूर्वीचा रेसिडेंट जनरल ब्रिग्ज असे काही इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. पण रंगो बापूजी तिकडे झगडत असतानाच इकडे राजा गेला, राज्यही गेले, जवळचा पैसा संपला. ते परतले ते मोकळ्या हातांनी. मग १८५७ आले. साताऱ्याच्या कटात त्यांचे नाव पुढे आले आणि ते जे निसटले ते इंग्रजांना कधीच सापडले नाहीत. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी रंगो बापूजींचे चरित्र लिहून हे सारे मराठी वाचकांपुढे आणले, तेव्हा पदच्युतीला शंभरावर वर्षे होऊन गेली होती.

मुंबईत मात्र या काळात कर्नाकचे नाव दगडात बसत गेले. किल्ल्याबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे ठेवलेले मैदान होते आणि मैदानापलीकडे देशी माणसांची दाट वस्ती. या दोहोंच्या सीमेवरून गेलेला रस्ता कर्नाक रोड झाला. त्याच्या पूर्व टोकाच्या धक्क्याला कर्नाक बंदर म्हणू लागले. मुंबई हे तेव्हा कापसाचे आणि धान्याचे मोठे बंदर होते. रेल्वे आली तशी इथे मालाची मोठी वखार उभी राहिली, आणि रुळांवरून गाड्या पलीकडे न्यायला १८६८ मध्ये कर्नाक पूल झाला. एकाच गव्हर्नराच्या नावे रस्ता, बंदर आणि पूल. ज्याने गव्हर्नर म्हणून शहरात दोन वर्षेही काढली नाहीत त्याच्या वाट्याला मुंबईत आलेली ही जागा लहान म्हणता येणार नाही.

पुलापाठोपाठ १८६९ मध्ये रस्त्याच्या मध्यावर मंडई उभी राहिली. महापालिकेचा पहिला आयुक्त आर्थर क्रॉफर्ड याने तिच्यासाठी जिवाचे रान केले, विल्यम इमर्सनने आराखडा काढला, दर्शनी कमानींवरची शेतकऱ्यांची शिल्पे लॉकवूड किपलिंगची. क्रॉफर्डने मुंबईला पाणी, रस्ते, स्वच्छता दिली हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची दुसरी बाजू अठरा-एकोणीस वर्षांनी पुण्यात उघडी पडली. तिथे तो मध्य विभागाचा कमिशनर असताना मामलेदारांच्या नेमणुका आणि बदल्या यांत लाच घेतल्याचे आरोप १८८८ मध्ये झाले. साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते. चौकशी संपल्यावर विलायतेत ओरड झाली आणि त्यांच्यातल्या अनेकांवर गदा आली. सरकारने दिलेला शब्द मोडला, यावर एक तरुण संपादक उठला आणि त्याने सभा घेतल्या, लेख लिहिले, निवेदने पाठवली. तो बाळ गंगाधर टिळक.

टिळकांचा पहिला तुरुंगवासही या कोपऱ्यापासून फार लांब घडला नाही. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्यावर त्यांचा कारभारी अत्याचार करतो, असे केसरी आणि मराठाने लिहिले. अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. डोंगरी इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. या खटल्यात जामिनाची दहा हजारांची रक्कम उभी राहिली ती जोतिराव फुल्यांच्या शब्दावर, त्यांचे स्नेही उरवणे यांच्याकडून. पुढे फुले आणि टिळक यांचे रस्ते पार वेगळे झाले. आज मंडईवर एकाचे आणि मंडईसमोरच्या रस्त्यावर दुसऱ्याचे नाव आहे, तेव्हा डोंगरीच्या त्या जामिनाची आठवण या जागी काढायलाच हवी. एका छत्रपतीवरच्या अन्यायाविषयी लिहून पहिल्यांदा तुरुंगात गेलेला माणूस, दुसऱ्या छत्रपतीला पदच्युत करणाऱ्याच्या रस्त्यावर नावाने येऊन बसला, हेही इथलेच.

टिळकांचे नाव या रस्त्याला मिळायचे खरे कारण मात्र एक इमारत आहे: मंडईजवळचे सरदारगृह. संस्थानिक, सरदार आणि बाहेरगावची प्रतिष्ठित मंडळी मुंबईला आली की उतरायची सोय म्हणून ते बांधले गेले होते. टिळकांचा मुंबईतला मुक्काम पुढे इथेच ठरून गेला. २४ जून १९०८ ला त्यांना राजद्रोहासाठी पकडले तेही याच इमारतीतून. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या केसरीतल्या लेखांवर हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस संपावर गेले.

मंडालेहून सुटून आल्यावरही उतरायचे ठिकाण तेच राहिले. जुलै १९२० मध्ये ताई महाराज दत्तक प्रकरणाच्या कामासाठी टिळक मुंबईला आले आणि सरदारगृहात त्यांना ताप भरला. हिवतापाचे पुढे न्यूमोनियात रूपांतर झाले. १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर त्यांनी प्राण सोडला. सकाळ होईपर्यंत कर्नाक रोड माणसांनी भरून गेला होता. पाऊस पडत होता, बाहेरगावांहून लोक येत होते, आणि दर्शनासाठी पार्थिव सज्जात बसवून ठेवावे लागले. पुण्याला नेण्याचा आग्रह होता, पण अंत्यसंस्कार मुंबईतच ठरले, तेही गिरगाव चौपाटीवर. ती स्मशानभूमी नसल्याने खास परवानगी घ्यावी लागली. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, शौकत अली होते. त्याच दिवशी देशात असहकाराच्या चळवळीला आरंभ व्हायचा होता.

त्या सकाळनंतर हा रस्ता कर्नाकचा राहिला तो पाटीपुरता. महापालिकेने पुढे पाटीही बदलली. मुंबईतल्या पुष्कळ रस्त्यांना थोरांची नावे सोयीने वाटली गेली आहेत. ज्यांचा त्या गल्लीशी कधी संबंध आला नाही अशांचीही. इथे तसे नाही. हा माणूस या रस्त्यावर राहिला, इथून पकडला गेला, इथेच गेला.

नाव बदलले तरी पूल आणि बंदर कर्नाकचेच राहिले. मशीद बंदर आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्यामधला तो दीडशे वर्षांचा पूल धोकादायक ठरला, आधी जड वाहने बंद झाली, मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये पूलच बंद झाला. नोव्हेंबरमध्ये मध्य रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेऊन तो पाडला. नवा पोलादी पूल १० जुलै २०२५ ला खुला झाला आणि त्याला ‘सिंदूर’ हे नाव दिले गेले, त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या लष्करी कारवाईच्या स्मरणार्थ. उद्घाटनाच्या वेळी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुने नाव का काढले हे सांगताना साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांवर कर्नाकने केलेल्या अन्यायाचा उल्लेख केला. मुंबईच्या या रस्त्यावर साताऱ्याचे प्रकरण इतक्या जाहीरपणे कित्येक वर्षांत निघाले नव्हते.

नावात मात्र साताऱ्याचे कोणी आले नाही. जवानांच्या पराक्रमाचा गौरव व्हावा याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तरीही कर्नाकचे नाव ज्या कारणासाठी काढले, त्या कारणाने या पुलावर हक्क होता तो प्रतापसिंहांचा किंवा रंगो बापूजींचा. साताऱ्यात प्रतापसिंहांचे नाव जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या हायस्कूलला मिळाले, आणि त्याच शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा (भीमराव) रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याची नोंद झाली. रंगो बापूजी आणि सत्तावन्नचे साथीदार यांचे स्मारक ‘चार भिंती’वर आहे. मुंबईत निदान या पुलाच्या कठड्याला एक सविस्तर फलक लावायला हरकत नाही. १८३९ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्यात कोणता कागद पुढे केला गेला, त्यावर कोणी सही केली नाही, आणि त्यासाठी कोण चौदा वर्षे लंडनमध्ये बसला, एवढे त्यावर मराठीत लिहिले तरी चालेल. फलक लावायला जागा रेल्वेची, परवानगी महापालिकेची, आणि मजकूर प्रबोधनकारांनी फार पूर्वीच जमवून ठेवला आहे.